पैसे आले, माल गेला. मधल्या वेळेचं काय?

समजा, येवल्यातल्या एका पैठणीवाल्याने स्वतःची वेबसाइट काढली आहे. एके रात्री अमेरिकेतून ऑर्डर येते. तीन पैठण्या, एकूण ८४ हजार रुपये. कार्डाने पैसे भरले गेले, स्क्रीनवर हिरवी खूण उमटली, चार दिवसांत रक्कम खात्यातही जमा झाली. पैठण्या कुरिअरने रवाना झाल्या. दोन महिन्यांनी पेमेंट गेटवेचा ईमेल येतो: ‘या व्यवहारावर कार्डधारकाने हरकत घेतली आहे. ८४ हजार रुपये तुमच्या पुढच्या जमा रकमेतून वळते केले जात आहेत. हरकतीचं शुल्क वेगळं.’

कार्ड चोरीचं होतं. ज्याचं कार्ड, त्याला त्याच्या बँकेने पैसे परत दिले. बँकेने ते नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून वसूल केले, त्या बँकेने गेटवेकडून आणि गेटवेने दुकानदाराकडून. त्यानंतर वसूल करायला कुणी उरलं नाही. चोराने पैठण्या नेल्या, बाकी सगळ्यांचे हात कोरडे राहिले आणि भुर्दंड पडला तो ज्याने मनापासून माल पाठवला त्याला.

ऑनलाइन धंद्यात उतरणाऱ्या बहुतेकांचा समज असा, की कार्डाची फसवणूक ही गिऱ्हाइकाची आणि बँकेची डोकेदुखी. प्रत्यक्षात कार्ड समोर नसताना झालेल्या व्यवहारात, आणि त्यात खातरजमेची जादा पायरी नसेल तर, नुकसान मुख्यतः दुकानदाराच्या गळ्यात पडतं. ते टाळायचं तर आधी ‘पेमेंट सक्सेसफुल’ या दोन शब्दांमागे नेमकं काय घडतं ते पाहायला हवं.

हिरव्या खुणेचा अर्थ

गिऱ्हाइकाने कार्डाचा नंबर टाकला की तो गेटवेकडून दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारख्या नेटवर्ककडे आणि शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ती बँक काही सेकंदांत उत्तर देते: कार्ड चालू आहे, चोरीला गेल्याची नोंद नाही, मर्यादेत रक्कम शिल्लक आहे. या होकाराला ऑथोरायझेशन म्हणतात. नंबर टाकणारा माणूस कोण, हे त्यात कुठेच येत नाही. खऱ्या मालकाला चोरी कळण्याआधी चोराने खरेदी केली, तर बँक बिनदिक्कत होकार देते. त्या घडीला तिच्याकडे नकार द्यायला कारणच नसतं.

मालकाला महिन्याचं बिल आल्यावर पत्ता लागतो आणि तो हरकत घेतो. या उलट्या वसुलीला चार्जबॅक म्हणतात. त्यामागे कायद्याचं बळ आहे. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने बिलावर आक्षेप घ्यायचा हक्क ग्राहकाला दिला. दुसऱ्याने परस्पर वापरलेल्या क्रेडिट कार्डासाठी तिथल्या मालकावर जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याला एक पैसाही सोसावा लागत नाही. ग्राहकासाठी हे योग्यच आहे. दुकानदाराने मात्र एवढं ध्यानात ठेवावं, की हरकतीची मुदत साधारणपणे १२० दिवसांपर्यंत असते. तोवर कार्डाने आलेला पैसा खात्यात दिसत असला तरी तो पक्का झालेला नसतो.

देशातली कार्डं, परदेशातली कार्डं

भारतातल्या दुकानदाराला या बाबतीत एक मोठं संरक्षण आहे आणि सवयीमुळे ते जाणवेनासं झालंय. कार्ड समोर नसलेल्या व्यवहारात नंबर आणि सीव्हीव्हीच्या पलीकडे आणखी एक खातरजमा हवी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो लागू झाला. आज मोबाइलवर येणारा ओटीपी हे त्याचं ओळखीचं रूप. २०१४ मध्ये उबरने भारतातल्या प्रवासाचे पैसे परदेशी बँकेमार्फत घेऊन ही पायरी वगळली होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात कुणाचं नाव न घेता ती पळवाट बंद केली.

ओटीपीच्या मागे जी यंत्रणा चालते तिला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. व्यवहाराच्या मध्येच गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या बँकेच्या पानावर नेलं जातं आणि ‘हा माझाच खातेदार’ असं बँक स्वतः सांगते. एकदा बँकेने असं सांगितलं, की पुढे ‘कार्ड मी वापरलंच नाही’ अशी हरकत आली तरी तिचा भार सामान्यतः त्या बँकेवर जातो, दुकानदारावर नाही. म्हणूनच आपल्याकडच्या चोरांना नुसता नंबर पुरत नाही. ते फोन करून गोड बोलतात आणि ओटीपी काढून घेतात. तो गुन्हाही गंभीरच, पण त्याचं बिल बहुधा दुकानदाराच्या नावावर फाटत नाही.

गेटवेच्या डॅशबोर्डवर ‘इंटरनॅशनल पेमेंट्स’चं बटण सुरू केलं, की हा पहारा आपोआप सोबत येईलच असं नाही. युरोपात सप्टेंबर २०१९ पासून दुहेरी खातरजमेचा नियम आहे. अमेरिकेत मात्र ऑनलाइन खरेदीला ओटीपी मागण्याची सक्तीही नाही आणि सवयही नाही. त्यात ऑक्टोबर २०१५ पासून तिथे चिपच्या कार्डांवर भर आला आणि बनावट कार्ड दुकानात चालवणं अवघड झालं, तसे चोर मोठ्या संख्येने ऑनलाइनकडे वळले.

अमेरिकेत पत्ता पडताळण्याची एक सोय आहे. तिला एव्हीएस म्हणतात. तिची मर्यादा मात्र समजून घ्यावी लागते. गिऱ्हाइकाने ‘१२५, मेपल स्ट्रीट, एडिसन, ०८८२०’ असा पत्ता दिला, तर पडताळणी होते ती १२५ आणि ०८८२० या दोन आकड्यांची. रस्त्याचं नाव, गावाचं नाव, माणसाचं नाव याकडे ती पाहत नाही. शिवाय ती मालकाच्या बिलाचा पत्ता तपासते, पार्सल कुठे जाणार हे तिला ठाऊक नसतं. चोराकडे कार्डासोबत पत्ताही असला, तर एव्हीएस त्याला खुशाल पुढे जाऊ देते.

नंबर येतात कुठून?

एक वाट म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून चोरी. ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पेमेंटच्या पानात कुणीतरी अवघ्या २२ ओळींचा कोड घुसवला. ग्राहक नंबर आणि सीव्हीव्ही टाइप करत होते आणि तीच माहिती गुपचूप चोरांकडेही जात होती. चार लाखांहून अधिक ग्राहकांच्या माहितीला धोका पोहोचला आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

दुसरी वाट आहे अंदाजाने नंबर तयार करण्याची. कार्डाचा नंबर म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे. सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात आणि ते जगजाहीर असतात. शेवटचा आकडा हिशेबाने ठरतो. आयबीएममधले अभियंते हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकात ही रीत शोधली. चार आकड्यांवर ती करून पाहू. १८४२ घ्या. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा: २ तसाच, ४ चे ८, पुढचे ८ तसेच, १ चे २. दुपटीचं उत्तर ९ च्या वर गेलं तर त्यातून ९ वजा करायचे. इथे बेरीज २० आली. तिला १० ने पूर्ण भाग जातो, म्हणजे नंबर रचनेत बसतो. आता घाईत १८५२ टाइप झालं, तर ५ चे १०, त्यातून ९ गेले की १, आणि एकूण बेरीज १३. नंबर जागच्या जागी नापास.

ही तपासणी टायपिंगची चूक पकडते, चोर पकडत नाही. सूत्र त्यालाही पाठ असतं. रचनेत बसणारे हजारो नंबर त्याचा प्रोग्राम क्षणात काढतो. उरतात मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही. कार्ड साधारण पाच वर्षांचं धरलं तर मुदतीच्या शक्यता ६० आणि तीन आकडी सीव्हीव्हीच्या १,०००. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की एकाच वेबसाइटवर डोकं न फोडता हे प्रयत्न अनेक वेबसाइटवर थोडे थोडे वाटले, तर काही सेकंदांत कार्डाची सगळी माहिती जुळवता येते. त्या वेळी मास्टरकार्डच्या यंत्रणेने असा विखुरलेला मारा ओळखला होता, व्हिसाच्या नाही.

या माऱ्यासाठी चोरांना छोटी दुकानं सोयीची पडतात. पहाटे तीन वाजता तुमच्या साइटवर ९९ रुपयांच्या कीचेनसाठी एकामागून एक शेकडो ऑर्डरी येतात, बहुतेक नाकारल्या जातात, पाच-दहा लागतात. कीचेनशी कुणाला कर्तव्य नसतं. कोणता नंबर जिवंत आहे, एवढंच तपासून पाहायचं असतं. लागलेले नंबर पुढे मोठ्या खरेदीसाठी वापरले जातात किंवा विकले जातात. तुमच्या वाट्याला फसलेल्या प्रयत्नांचा खर्च, त्या पाच-दहा ऑर्डरींचे चार्जबॅक आणि बँकेच्या नोंदीत खराब झालेलं नाव येतं. देणगी स्वीकारणाऱ्या संस्थांच्या पानांवर, जिथे रक्कम गिऱ्हाईकच ठरवतं, हा त्रास विशेष होतो.

उपाय अवघड नाहीत. एका आयपी पत्त्यावरून किंवा एका उपकरणावरून तासाभरात पाचाहून जास्त प्रयत्न झाले, तर दार बंद. चेकआउटच्या पानावर कॅप्चा. देणगीला किमान रक्कम. नाकारलेल्या व्यवहारांचं प्रमाण अचानक वाढलं, तर मोबाइलवर सूचना. बऱ्याच गेटवेंच्या सेटिंगमध्ये या सोयी असतात, पण कुणीतरी जाऊन त्या चालू कराव्या लागतात.

ऑर्डर वाचायची कशी?

कार्ड काही सांगत नाही, तेव्हा ऑर्डरलाच बोलतं करावं लागतं. पैठणीचं खरं गिऱ्हाईक परदेशातून काय विचारतं? पदर मुनिया की मोर, काठ किती रुंद, फोटोतला जांभळा प्रत्यक्षात कसा दिसतो, फॉल-पिको करून मिळेल का, अमक्या तारखेला डोहाळजेवण आहे त्याआधी पोचेल का. दोन हजार सुटतील का, हेही. चोराला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. तो सर्वांत महागडी वस्तू घेतो, एकीऐवजी तीन घेतो, सर्वांत महाग कुरिअर निवडतो आणि नंतर फक्त ट्रॅकिंग नंबरचा तगादा लावतो. पैसे त्याचे नसतात, मग घासाघीस कशाला करेल?

दुसरी खूण देशांच्या मेळाची. कार्ड कोणत्या देशातल्या बँकेचं, ऑर्डर कोणत्या देशातून दिली गेली आणि पार्सल कुठे जायचं, ही तिन्ही उत्तरं बहुधा गेटवेच्या नोंदीत सापडतात. कार्ड एका देशाचं, आयपी दुसऱ्या आणि पत्ता तिसऱ्या देशाचा असेल, तर थांबावं. पत्ता नकाशावर टाकून बघावा. घराऐवजी पुढे माल रवाना करणाऱ्या कंपनीचं गोदाम निघालं, तर आणखी एक प्रश्न. विक्रीकर नसल्यामुळे अमेरिकेतल्या डेलावेअर आणि ऑरेगन या राज्यांत अशी गोदामं बरीच आहेत. त्याआधी त्याच ईमेलवरून दोन-तीन वेगळी कार्डं नाकारली गेली असतील, तर ती खूण फार बोलकी.

तिसरी खूण ऑर्डरीनंतरच्या विनंत्यांची. ‘पार्सल निघालंय ना, आता पत्ता बदला.’ ‘माझ्या शिपिंग एजंटला तुम्ही परस्पर पैसे द्या, तेवढे जादा कार्डातून कापून घ्या.’ ‘ऑर्डर रद्द करा, पण परतावा कार्डावर नको, यूपीआयवर पाठवा.’ शेवटच्या दोन विनंत्यांना उत्तर एकच: नाही. परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर. दुसरीकडे दिलात, तर चार्जबॅक आल्यावर तीच रक्कम तुम्ही दुसऱ्यांदा भराल.

मात्र एका खुणेवरून कुणाला चोर ठरवू नये. कॅलिफोर्नियातली मुलगी नाशिकच्या आईला पाडव्याला साडी पाठवते, तेव्हा कार्ड अमेरिकेचं आणि पत्ता भारताचा असणारच. तीच मुलगी सुट्टीवर पुण्यात असेल तर आयपीही भारताचा दिसेल. परदेशातल्या मराठी कुटुंबांवर ज्याचा धंदा चालतो, त्याने असे व्यवहार सरसकट अडवले, तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं होईल. म्हणून खुणांची बेरीज करावी. नवं गिऱ्हाईक, एक गुण. नेहमीच्या तिप्पट रक्कम, दोन. देशांचा मेळ नाही, दोन. आधीची कार्डं नाकारलेली, तीन. चारच्या वर गेलं तर माल थांबवायचा. गुण किती द्यायचे हे आपल्या धंद्याच्या अनुभवावर ठरवावं. बेरीज कागदावर मांडली म्हणजे मोठ्या ऑर्डरीच्या आनंदात डोळेझाक होत नाही.

माल थांबवला, पुढे काय?

फोन करा. खऱ्या गिऱ्हाइकाला त्याचं वाईट वाटत नाही, उलट दुकानदार दक्ष आहे असं वाटतं. चोराचा फोन लागत नाही, किंवा लागला तर बिलावरचा पत्ता त्याला आठवत नाही. मोठ्या रकमेच्या नव्या गिऱ्हाइकाला बँक ट्रान्सफरने पैसे पाठवायला सांगता येतं. काही गेटवे होकार घेणं आणि रक्कम कापणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवू देतात. मग खात्री होईपर्यंत रक्कम नुसती राखून ठेवता येते. परदेशी कार्डांसाठी थ्री-डी सिक्युअर सक्तीचं करता येतं का, हे गेटवेला लेखी विचारा, आणि झालेल्या व्यवहाराची जबाबदारी कुणाकडे हेही.

एक गोष्ट मात्र करू नये. खात्री म्हणून कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नयेत. बरेच जण सद्हेतूनेच मागतात, पण तो फोटो तुमच्या फोनमध्ये राहिला की पुढच्या चोरीचा माल तुमच्याकडेच तयार होतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदारांना ग्राहकाचा पूर्ण कार्ड नंबर साठवण्याची मुभाच राहिलेली नाही. त्याऐवजी टोकन वापरलं जातं आणि ते दुसऱ्या दुकानात चालत नाही. लहान दुकानदारासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नंबर टाकण्याचं पान गेटवेचंच असावं आणि नंबराने आपल्या साइटला स्पर्शही करू नये.

हरकत घेणारा नेहमी चोर नसतो

काही चार्जबॅक खऱ्या गिऱ्हाइकांकडूनच येतात. कधी बिलावर दुकानाऐवजी मालकाच्या भलत्याच फर्मचं नाव छापलेलं असतं आणि ते ओळखू येत नाही. कधी नवऱ्याच्या कार्डावर बायकोने खरेदी केलेली असते. कधी माल मिळूनही ‘मिळाला नाही’ असं सांगितलं जातं. पहिल्यावर इलाज सोपा: बिलावर येणारं नाव दुकानाच्या पाटीसारखंच ठेवा. बाकीच्यांसाठी पुरावे लागतात. ऑर्डरीची वेळ, आयपी, गिऱ्हाइकाशी झालेला संवाद, पाठवलेल्या मालाचे फोटो, कुरिअरची सहीनिशी पोच. व्हिसाने एप्रिल २०२३ मध्ये आणलेल्या नियमानुसार, त्याच कार्डावर १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे हरकत न घेतलेले दोन व्यवहार दाखवले आणि आयपी, उपकरण, पत्ता यांसारख्या खुणा त्यांच्याशी जुळल्या, तर ‘मी खरेदी केलीच नाही’ हा दावा टिकत नाही. जुन्या ऑर्डरींच्या नोंदी वर्षभर जपून ठेवायचं याहून चांगलं कारण कोणतं? उत्तर द्यायला मात्र मोजके दिवस मिळतात. ईमेल न उघडणारा दुकानदार न लढताच हरतो.

हिशेब

८४ हजारांच्या त्या ऑर्डरीत वीस टक्के नफा धरला, तर पदरात पडणार होते १६,८००. चार्जबॅकमध्ये गेला तो ६७,२०० चा माल. तो भरून काढायला तेवढ्याच मोठ्या चार खऱ्या ऑर्डरींचा नफा लागतो, आणि पाचवीतला बराचसा कुरिअर आणि शुल्कात जातो. वर्षाकाठी अशा दोन घटना लहान दुकानाचा दिवाळीचा मोसम धुऊन नेतात. शिवाय नेटवर्क प्रत्येक दुकानाच्या चार्जबॅकचं प्रमाण मोजत असतात. ते वाढत गेलं तर दंड होतो, शेवटी कार्ड घेण्याची सोयच काढून घेतली जाते.

याच्या उलट, संशय आल्यावर आपण होऊन रद्द केलेल्या ऑर्डरीत फार तर एक विक्री हुकते. माल कपाटात राहतो, कुरिअरचं भाडं वाचतं, हरकतीचं शुल्क लागत नाही. म्हणजे फसवणूक रोखण्याची सगळी स्वस्त साधनं पैसे येणं आणि माल जाणं यांच्या मधल्या वेळेत आहेत. माल गेल्यावर उरतात पुरावे, अर्ज आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवरची तक्रार. तक्रार करावी जरूर, पण परदेशात गेलेला माल तिने सहसा परत येत नाही. ज्याला हा हिशेब पटला, त्याने परदेशातल्या नव्या गिऱ्हाइकांपुरतं ‘त्याच दिवशी रवाना’ऐवजी ‘दोन दिवसांत रवाना’ असं वेबसाइटवर लिहावं आणि ते दोन दिवस खरोखर ऑर्डर वाचण्यात घालवावेत.